टॉवेलात गुंडाळलेली बाटली

गेल्या पावसाळ्यात माझ्या कुत्र्याला, भुंग्याला, वर्षाची लस टोचून घेण्यासाठी मी तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात गेले होते. बाहेर पाऊस कोसळत होता, व्हरांड्यात ओल्या केसांचा, फिनाईलचा आणि भिजलेल्या छत्र्यांचा मिळून एक वास भरून राहिला होता. माझ्या शेजारी बाकावर एक वयस्क गृहस्थ जुन्या टॉवेलात गुंडाळलेली पिवळसर गावठी कुत्री मांडीवर घेऊन बसले होते. कुत्रीने डोळे मिटले होते. मधूनच तिच्या नाकपुडीतून रक्ताचा पातळ ओघळ येई आणि ते गृहस्थ तो टॉवेलाच्या टोकाने हळुवार टिपून घेत. तरुण डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन तिचा ओठ वर उचलला, हिरडीवर बोट दाबून सोडले आणि रंग परत येण्याची वाट पाहिली. निरोगी कुत्र्याच्या हिरडीवर तो दोन सेकंदांच्या आत परत येतो. इथे परत येण्याजोगा रंगच उरला नव्हता. हिरडी धुतलेल्या शंखासारखी पांढरी दिसत होती. "काका, घरी काही दिलं होतं का हिला?" त्यांनी विचारले. "नाही गो बाय, काहीच नाही दिलं," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी टॉवेलाची घडी अशी सारखी केली की तिच्यात खोचलेली हिरव्या रसाची छोटी बाटली दिसेनाशी झाली.

कुत्रीला रक्त काढायला आत नेले तेव्हा बाटली त्यांच्या हातातच राहिली. मी विचारल्यावर त्यांनी ती कसलाही आडपडदा न ठेवता दाखवली. पपईची कोवळी पाने ठेचून पिळलेला रस होता, आणि गोचीड अंगावर टिकू नये म्हणून त्यात लसणीच्या पाकळ्या वाटून घातल्या होत्या. झाकण उघडताच पानांचा कडवट, चिकाचा वास आणि त्यावर मात करणारा लसणीचा उग्र दर्प एकदम आला. मागच्या वर्षीही ती अशीच पडून होती, जेवत नव्हती, अंग तापले होते. याच रसाने ती उठून उभी राहिली, असे ते म्हणाले. मग आत का सांगितले नाही, असे विचारल्यावर ते थोडा वेळ पावसाकडे पाहत राहिले. "शिकलेली माणसं आहेत ती. आमच्या पाल्याला हसतील," ते म्हणाले. "हसणार नाहीत, आत जाऊन सांगा, विशेषतः लसणीचे सांगा," असे मी त्यांना म्हटले. ते उठून आत गेले. दार लोटले गेल्यामुळे आत काय बोलणे झाले ते मला कळले नाही. थोड्या वेळाने भुंग्याचा क्रमांक लागला आणि मी दुसऱ्या खोलीत गेले.

तो प्रसंग तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांच्या हातात औषध होते, मनात माया होती, आणि तरीही ज्या एका माणसाला ते सांगायला हवे होते त्याच्यापासूनच त्यांनी ते लपवले. गावातल्या किती घरांतून अशा बाटल्या टॉवेलात गुंडाळून दवाखान्यापर्यंत येत असतील आणि तशाच परत जात असतील, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

माझे माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. गोठा घराला लागूनच होता आणि आजीच्या औषधांचा कारभार गोठ्यापासून सुरू होई. गुराच्या जखमेत अळ्या पडल्या की आजी परसातल्या सीताफळीची पाने खुडून आणायची, दगडी पाट्यावर वाटायची, आणि तो गडद हिरवा, काहीसा मळमळवणारा वास असलेला गोळा जखमेत दाबून भरून वर फडके बांधायची. मी गुडघ्यांवर बसून पाहत असे. थोड्या वेळाने फडक्याच्या कडेने अळ्या वळवळत बाहेर पडू लागत. आजी त्या चिमट्याने एकेक वेचून केरसुणीच्या काडीने शेणीच्या राखेत लोटी, आणि शेवटची निघेपर्यंत हलत नसे. सीताफळीच्या पानांत आणि बियांत कीटकांना मारक अशी द्रव्ये असतात हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. आजीला त्यांची नावे माहीत नव्हती, पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती: पाटा धुतल्याशिवाय आणि हात साबणाने घासल्याशिवाय डोळ्याला बोट लावायचे नाही. सीताफळीच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. औषधाबरोबर त्याचा धाकही आम्हाला मिळाला, आणि त्या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्या.

घरातल्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र गोठ्यातले उरलेले औषध यायचे. गाईसाठी वाटलेल्या पाल्यातला चिमूटभर त्याच्या कानामागे, म्हशीच्या खांद्याला लावलेले करंजेल त्याच्या पाठीवर. त्याच्या जातीचा, त्याच्या देहाचा वेगळा विचार कोणी केला नव्हता, कारण ओटीवर झोपणाऱ्या आणि उरलेले खाणाऱ्या त्या जिवासाठी कोणी वैदू बोलावत नसे. आपल्याकडचा झाडपाला हा मुख्यत्वे गुरांच्या आणि माणसांच्या अनुभवातून आला आहे, आणि तो कुत्र्यापर्यंत पोचतो तेव्हा दुसऱ्याच देहाचे माप घेऊन पोचतो. गाईच्या कासेला सूज आली तर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आजही पशुपालकांना सुचवते, आणि तो लावणाऱ्या गवळ्यांचा त्यावर विश्वास आहे. तोच लेप कुत्रीच्या सुजलेल्या आचळाला लावला तर ती पहिल्या क्षणी मान वळवून तो चाटून टाकील. मग कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तिच्या पोटात जाऊन जुलाब होतील आणि चुन्याने जीभ आणि तोंड भाजेल. लेपात कसलीही खोट नसते. गाईची जीभ कासेपर्यंत सहसा पोचत नाही आणि कुत्रीची पोचते, एवढा एकच फरक सगळे उलटवून टाकतो.

कुत्र्याच्या बाबतीत वरून लावायचे औषध असा प्रकारच नसतो.

हे एकदा मनात पक्के बसले की घरातल्या अर्ध्या बाटल्यांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. खाज सुटली की खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावणे हा गोव्यातल्या बहुतेक घरांतला उपाय आहे; माणसाला त्याने थंडावा वाटतो. कुत्र्याच्या पोटात कापूर गेला तर त्याला झटके येऊ शकतात, आणि तो कातडीतूनही शोषला जातो. टी-ट्री तेल, निलगिरीचे तेल, टर्पेंटाईन यांचेही तसेच. टी-ट्री तेलाचे तर कातडीवर काही थेंब पातळ न करता लावल्यानेही कुत्री लुळी पडल्याची, थरथरत राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यकांच्या नोंदींत आहेत. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो आणि तिची आम्लताही वेगळी असते, त्यामुळे आपल्याला जे केवळ चुरचुरते ते त्याला सोलून काढते. पावसाळ्यात केसांखाली ओल राहून लालभडक चट्टे उठतात तेव्हा लोक त्यांवर लिंबू पिळतात. ते पाहिले की मला त्या कुत्र्याचे ओरडणे आधीच ऐकू येते.

लसणीचा विषय याहून कठीण आहे, कारण ती पोटात घालण्यासाठीच दिली जाते. कांदा, लसूण, पात या सगळ्या एका कुळातल्या भाज्यांमधली गंधकाची संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिनला इजा करतात; पेशींच्या कडेला लहान गाठी उमटतात आणि मग त्या पेशी वेळेआधीच फुटू लागतात. हे लगेच होत नाही. काही दिवस लोटल्यावर कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद रंगाची होते, आणि तोपर्यंत आठवड्यापूर्वी दिलेल्या लसणीशी त्याचा संबंध कोणाच्याही डोक्यात येत नाही. अगदी थोड्या लसणीने बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही हेही खरे आहे, आणि म्हणूनच "आम्ही तर वर्षानुवर्षे देतो" हे वाक्य इतक्या ठामपणे उच्चारले जाते. पण किती म्हणजे थोडी, हे कुत्र्याच्या वजनावर, जातीवर आणि त्या वेळी त्याच्या रक्ताची अवस्था काय आहे यावर ठरते; आणि गोचिडीच्या तापाने ज्याचे रक्त आधीच पातळ झाले आहे त्याला थोडीही जास्तच. मनुकांचा काढा, चिंचेचे पाणी यांच्याबद्दलही सावध राहायला हवे. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होते. अलीकडे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे दाखवून दिले, आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असते. आपल्या स्वयंपाकघरात चिंच सगळीकडे असते.

हे सगळे लिहिताना मला भीती वाटते ती वेगळीच. वाचणाऱ्याला वाटू नये की झाडपाला टाकून द्या असे मी सांगते आहे. तसे मला मुळीच म्हणायचे नाही.

माझ्या घरात भुंग्यासाठी जे टिकले आहे ते साधेच आहे. पोट बिघडले की उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता, चांगली मऊ शिजवून, निवल्यावर थोडी थोडी. जोडीला सालीशिवाय उकडलेला तांबडा भोपळा. पेजेने पाणी पोटात जाते आणि आतड्याला विसावा मिळतो. जुलाबाने कुत्रा सुकतो आहे की नाही हे मी मानेवरची कातडी चिमटीत उचलून पाहते. ती सोडताच जागेवर गेली तर पेज पुरे, उंचवटा तसाच राहू लागला तर गाडी बाहेर काढायची. हळदीने जखमेला गुण येतो असा सर्वांचा अनुभव आहे. मी ती कोरड्या, उथळ ओरखड्यावर लावते, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवत नाही. पोटात दिलेली हळद शरीरात फारच कमी शोषली जाते.

आणि भिरंडेल, म्हणजे भिरंडांच्या, कोकमाच्या फळांच्या, बियांचे तेल. हे माझ्या फार जिव्हाळ्याचे औषध आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर सांगितल्यावाचून मला राहवत नाही. मे महिन्यात भिरंडांच्या साली वाळवून सोले घालून झाली की भिरंडांच्या बिया राखेत चोळून उन्हात वाळत पडलेल्या असतात. त्या खडखडीत वाळल्या की फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात घालून चुलीवर रटरटवत ठेवायचा, आणि वर येणारा तवंग पळीने काढत राहायचे. निवू लागले की तो तवंग थिजतो आणि मग त्याचे हाताने मुठीत दाबून लांबट गोळे वळतात. गोळा पांढुरका, मेणासारखा कठीण असतो आणि वास जवळजवळ नसतोच. चाळीस अंशांच्या थोडे अलीकडे तो वितळतो, म्हणजे आपल्या खोलीत घट्ट राहतो आणि अंगाच्या उबेने बोटावर पाघळू लागतो. कुत्र्याचे अंग तर आपल्याहून ऊन असते, अडतीस ते एकोणचाळीस अंश. मार्च-एप्रिलमध्ये तापलेल्या डांबरी रस्त्यावरून चालून भुंग्याच्या पंजाच्या गाद्यांना चिरा पडतात, त्या वेळी मी रात्री त्याला कुशीवर झोपवते, एकेक पंजा हातात घेते आणि गोळ्याची कड चिरेवरून फिरवत राहते. पहिल्यांदा तो पाय ओढून घेतो. मग बोटांच्या मधे, जिथे केस ओले आणि खारट वासाचे असतात, तिथे अंगठा गेला की पाय सैल सोडतो. नंतर तो पंजा चाटतो, चाटूनच काढतो, आणि मला त्याची काळजी वाटत नाही, कारण ते खाण्याचेच तेल आहे आणि त्याचा थोडासा अंश पोटात गेल्याने काही बिघडत नाही. पंजा हातात असताना बोटांमध्ये दडलेली गोचीड सापडते, रुतलेला काटा सापडतो, नखाच्या मुळाशी आलेली सूज सापडते. कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेल्या पाण्याने अंघोळ घालतानाही तसेच होते. पाल्यातले द्रव्य गोचिडीच्या वाढीत अडथळा आणते हे खरे, पण अंगाला घट्ट चिकटलेली गोचीड त्या पाण्याने सुटत नाही. ती सुटते अंघोळीत कानाच्या पाळीपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरणाऱ्या बोटांमुळे.

जनावराला आपले औषध आपल्याला कळते, ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. भुंगा सकाळी अंगणाच्या कडेला दूर्वा कुरतडू लागला की आमच्या शेजारच्या काकी म्हणतात, "पोट साफ करतो आहे तो, करू दे." कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी सुमारे दीड हजार कुत्र्यांच्या मालकांना याविषयी विचारले होते. गवत खाल्ल्यावर नेहमी ओकणारी कुत्री त्यात चारांतल्या एकापेक्षाही कमी निघाली, आणि गवत खाण्याआधी आजारी दिसणारी त्याहूनही कमी. बहुतेक निरोगी कुत्री गवत खातात ती त्यांच्या रानटी पूर्वजांकडून आलेल्या सवयीने, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही समजूत आपल्या या भूमीत फार जुनी आहे. पणजीतल्या चर्चसमोरच्या ज्या बागेत आपण सगळे कधी ना कधी बसलो आहोत तिला ज्याचे नाव आहे, तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या वैद्यांना प्रश्न विचारत राहिला, आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यातच इथल्या औषधींवरचे आपले संवाद छापले. सापाशी झुंजणारे मुंगसासारखे जनावर एक मुळी चघळते आणि म्हणून त्याला विष बाधत नाही, ही सिंहलद्वीपातली गोष्ट त्यात आहे. आपल्याकडे तिलाच मुंगूसवेलीची गोष्ट म्हणून सगळे ओळखतात. आज आपल्याला माहीत आहे की मुंगसाच्या स्नायूंवरची ग्राहके अशा घडणीची असतात की नागाच्या विषाला तिथे नीट चिकटताच येत नाही. मुळीची त्याला गरज नसते. मला त्या गोष्टीतला प्रश्न विचारणारा माणूस आवडतो. वैद्याला, व्यापाऱ्याला, दासीला, ज्याला म्हणून काही माहीत असेल त्याला तो विचारतो आणि मग काय ऐकले ते लिहून ठेवतो.

पपईच्या रसाकडे परत येते. त्या गृहस्थांचा अनुभव खोटा नव्हता, आणि हीच या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. आपल्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या आहेत. गिलावा नसलेला चिरा जवळून पाहिला तर त्याला असंख्य भोके असतात, आणि रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून गळून पडली की भिंत चढून अशाच एखाद्या भोकात शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. तपकिरी रंगाची ही गोचीड घरात राहायला सरावलेली आहे. उपाशीपोटी ती महिनोन्महिने दबा धरून बसू शकते. तिच्या लाळेतून एर्लिकिया नावाचा जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतो. अल्जीरियात १९३५ मध्ये हा रोग प्रथम ओळखला गेला. त्याचा स्वभाव फसवा आहे. पहिले दोन-चार आठवडे ताप, अन्नावरची वासना उडणे, प्लेटलेट उतरणे. आणि मग पुष्कळ कुत्र्यांत औषध न देताही हे सगळे ओसरते. कुत्रा जेवू लागतो, शेपटी हलवतो, अंगणात भुंकतो. जंतू मात्र प्लीहेत दडून राहतो, महिने, कधी वर्षे. काही कुत्री त्यावर पूर्ण मात करतात, आणि काहींत तो एक दिवस अस्थिमज्जेवरच घाला घालतो. तेव्हा घोळणा फुटतो, अंगावर जांभळे ठिपके उठतात, हिरड्या पांढऱ्या पडतात. पहिल्या तापात जो कोणी जे काही देईल त्याला यश येणारच असते. पपईचा रस दिला तर पपईला, तुळशीचा दिला तर तुळशीला, अंगारा लावला तर अंगाऱ्याला. पपईच्या पानांनी प्लेटलेट वाढतात असे डेंगीच्या माणसांवरील काही लहान अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे तिला आधार नाही असेही नाही. पण जंतूला आवरण्याचे काम डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाचे आहे, आणि ते साधारणपणे २८ दिवस नेमाने द्यावे लागते.

या डॉक्सिसायक्लीनविषयी एक गोष्ट मला त्या बाकावर बसून त्यांना सांगावीशी वाटली होती. ज्या कुळातले ते आहे त्यातले पहिले औषध १९४० च्या दशकात मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून मिळाले. खरजेवर आणि जंतांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिनही जपानातल्या मातीतल्या तशाच जीवापासून आले, आणि त्यासाठी २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक दिले गेले. पिसवा मारणारे पर्मेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या द्रव्याच्या धर्तीवर घडवलेले आहे. म्हणजे "नैसर्गिक" आणि "रासायनिक" अशी जी भिंत आपण मधे बांधून ठेवली आहे तिच्या दोन्ही बाजूंना एकच माती आहे. आणि मातीतून आले म्हणून ते निर्धोक होते असेही नाही: आयव्हरमेक्टिनने कोली जातीची कुत्री दगावतात, कारण त्यांतल्या पुष्कळांत मेंदूला औषधापासून राखणारे एक जनुक बिघडलेले असते, आणि कुत्र्याला लावलेले पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. औषध कुठून आले यापेक्षा ते कोणत्या जिवाला, किती आणि केव्हा दिले, हेच शेवटी महत्त्वाचे ठरते.

एका रोगात तर "केव्हा" याशिवाय दुसरे काही उरतच नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर मिरची, चुना, मुळ्या लावण्याची पद्धत आपल्याकडेही होती, आणि ती गोव्याने सोडली. २०१४ पासून जाळी घेतलेले पथक गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचू लागले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीजसाठी नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लस घेणे, एवढेच आता शाळेतली मुलेही सांगतात. आपल्या लोकांना झाडपाला बाजूला ठेवायला सांगितले तर ते ऐकत नाहीत, असे मला म्हणूनच वाटत नाही. नीट सांगितले तर ते ऐकतात.

त्या बाटलीत नेमके तेच राहून जात होते. विचार करा, डॉक्टरीणबाईंच्या समोर पांढऱ्या हिरड्यांची कुत्री आहे. तिचे रक्त एर्लिकियाने मज्जा आटल्यामुळे उतरले असेल. गोचिडीतूनच येणाऱ्या बॅबेसिया या दुसऱ्या जंतूने तांबड्या पेशी फोडल्या असतील. किंवा रोज पाजलेल्या लसणीने फोडल्या असतील. बॅबेसियातही हिरड्या फिकट पडतात आणि लघवी गडद होते, लसणीतही तेच होते, आणि दोहोंचे उपचार अगदी वेगळे आहेत. "काहीच नाही दिलं" या उत्तराने त्यांच्या हातातला एक धागा तुटतो, आणि तो तुटल्याचे त्यांना कळतही नाही. शिवाय लसूण बंद करा असे सांगायलाही कोणी उरत नाही. तपासणीहून परतल्यावर संध्याकाळी तोच रस, आता अधिक मायेने, पुन्हा पाजला जाऊ शकतो. हे लपवणे लाजेतून येते, आणि ती लाज एकट्या म्हाताऱ्या माणसाने निर्माण केलेली नाही. कधीतरी, कुठल्यातरी टेबलापलीकडे, कोणीतरी त्यांच्या पाल्याला हसलेले असते. "घरी काही दिलं होतं का?" हा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच पुष्कळदा त्याचे उत्तर नाही असे ठरून गेलेले असते. त्याऐवजी "काय काय लावलं, काय काय पाजलं, आमच्याकडेही देतात, सांगा बघू" असे विचारले तर टॉवेलाची घडी आपोआप उलगडेल असे मला वाटते. आणि घरच्यांनीही पाल्याची जुडीच पिशवीत घालून न्यावी, कारण एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळ्या वेली ओळखल्या जातात. पान समोर असले की वाद राहत नाही.

भुंग्याच्या लसीच्या कार्डाला मी आता एक जाड कागद टाचला आहे. त्यावर गोचिडीच्या गोळीची तारीख असते, आणि खाली पेज कधी दिली, भोपळा किती, निंबाच्या पाण्याची अंघोळ कधी घातली, कोणी काय पाजायला सांगितले आणि मी ते दिले की नाही, हे सगळे असते. मागच्या भिंतीतल्या चिऱ्यांची भोके पावसापूर्वी सिमेंटने बुजवून घेतली. गवंड्याला पहिल्यांदा हे कशासाठी ते समजेना, मग एका भोकातून त्याने स्वतःच काडीने गोचिडींचा पुंजका उकरून काढला आणि उरलेली भिंत न सांगता बुजवली.

यंदा काकींनी भिरंडेल कढवायला घेतले तेव्हा मी बिया फोडायला त्यांच्या मागच्या पडवीत बसले होते. तवंग काढून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखी कापराची पुडी उघडली, कारण त्यांच्या गुडघ्यांना तो लागतो. "भुंग्याच्या गोळ्यात नको, काकी," मी म्हटले आणि का ते सांगितले: तो चाटतो, पोटात जातो, झटके येतात. त्यांनी पुडी तशीच हातात धरून सगळे ऐकून घेतले. "आणि आमचा मोत्या होता त्याला मी इतकी वर्षं लावत होते तो?" त्यांनी विचारले. त्याला काय झाले होते हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांनाही नव्हते. मग त्यांनी वेगळे पातेले मागितले, अर्धा तवंग त्यात काढला आणि कापूर फक्त आपल्या वाट्यात टाकला. गोळे वळून झाल्यावर त्यांचे गोळे केळीच्या पानात बांधले, भुंग्याचे माझ्या स्टीलच्या डब्यात गेले, आणि काकींनी खडूने डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिले: कुत्र्याचे, कापूर नाही.